संभव आणि कर्तव्य

मनुष्यावर एखादें संकट कोसळलें म्हणजे त्याविषयीं बोलण्याच्या दोन तऱ्हा आपल्याकडे फार दिवसांपासून चालत आल्या आहेत. एक, तें दैवाच्या माथीं मारण्याची. दुसरी, तें कोणाच्या तरी चुकीच्या माथीं मारण्याची. वरवर पाहतां या दोन्ही परस्परविरुद्ध दिसतात. पहिली मनुष्याला सर्वस्वी निर्दोष ठरविते, तर दुसरी त्याला आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करते. तथापि एका बाबतींत दोघींचें एकमत आहे. दोन्हीहि चौकशी संपविणाऱ्या आहेत. 'व्हायचें होतें तें झालें' असें म्हटलें कीं विचार थांबतो. 'हें अमक्यामुळें झालें' असें म्हटलें तरीहि तो थांबतोच. फक्त या दुसऱ्या वेळीं थोडा राग शिल्लक राहतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत वैद्यकशास्त्रानें तिसरी एक भाषा रूढ केली. अमेरिकेंतील फ्रेमिंगहॅम या गांवीं १९४८ सालीं हृद्रोगाचा एक दीर्घ अभ्यास सुरू झाला. त्या अभ्यासकांनीं १९६१ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका निबंधापासून 'जोखमीचा घटक' ही कल्पना जगभर पसरली. जी गोष्ट असतांना एखादा विकार होण्याचा संभव वाढतो, ती त्या विकाराच्या जोखमीचा घटक होय. ही भाषा 'होणारच' असें म्हणत नाहीं आणि 'अपराध तुझा' असेंहि म्हणत नाहीं. ती शंभर माणसांविषयीं कांहीं सांगते आणि गप्प बसते. परंतु आपल्या घरांत शंभर माणसें आजारी नसतात, एकच असतें. तेव्हां शंभरांविषयींचें हें गणित त्या एकाविषयीं काय सांगतें, आणि त्यावरून आपल्यावर कोणतें कर्तव्य येतें, हा प्रश्न प्रत्येक विचारी गृहस्थाला कधीं ना कधीं पडल्यावांचून राहत नाहीं.

असा प्रश्न अधांतरीं ठेवून चर्चा केली तर तो लौकरच शब्दांच्या खेळांत हरवतो. म्हणून एक विशिष्ट विकार डोळ्यांसमोर ठेवणें बरें. डोक्याला जबर मार लागल्यानंतर कांहीं रोग्यांना होणारें जलशीर्ष, ज्याला सामान्य बोलण्यांत डोक्यांत पाणी होणें म्हणतात, तो विकार मी येथें घेतों. ज्या देशांत रस्त्यावरील अपघातांनीं २०२२ या एका वर्षांत १,६८,४९१ माणसें मरण पावलीं, आणि ज्यांतील पुष्कळ माणसें दुचाकीवरचीं होतीं, त्या देशांतील वाचकाला हा विषय परका वाटण्याचें कारण नाहीं. जीं मेलीं त्यांची गणना होते. जीं डोक्याला मार लागून घरीं परत आलीं त्यांचें पुढें काय झालें, हें बहुधा त्या घरालाच ठाऊक असतें.

मेंदूच्या आंत चार पोकळ्या आहेत. तेथें पाण्यासारखा स्वच्छ द्रव अखंड पाझरत असतो. प्रौढ माणसांत दिवसाकाठीं सुमारें अर्धा लिटर. तो अरुंद वाटांनीं पोकळ्यांबाहेर येतो, मेंदू व पृष्ठरज्जु यांच्या भोंवतीं फिरतो, आणि शेवटीं मुख्यत्वेंकरून कवटीच्या आंतील मोठ्या शिरांच्या रक्तांत मिसळून जातो. एका वेळीं त्याचा सांठा दीडशें मिलिलिटरच्या आसपास असतो. म्हणजे दिवसांतून तीन-चार वेळां तो नवा होतो. ज्या विहिरीचा झरा कधीं आटत नाहीं, तिचा उपसा बंद पडला तर काय होईल, हें शेतकऱ्याला सांगावें लागत नाहीं. मार लागून मेंदूच्या आवरणाखालीं किंवा पोकळ्यांत रक्त सांडलें कीं पाणी शोषून घेण्याच्या या वाटा गढूळ होतात, कधीं बुजतात. झरा चालूच राहतो. तान्ह्या मुलाची कवटी अशा वेळीं मोठी होते व विकार डोळ्यांना दिसतो. प्रौढाची कवटी हाडाची पक्की पेटी असते. ती फुगत नाहीं. पोकळ्या आंतल्या आंत फुगतात आणि दबतो तो मेंदू.

या दबण्याचीं बाहेरचीं लक्षणें विलक्षण साधीं असतात. रोगी बरा होऊं लागलेला असतो आणि मग एका जागीं अडखळतो. पाय जमिनीला चिकटल्यासारखे पडतात. बोलणें कमी होतें, विसर पडूं लागतो, लघवी धरवत नाहीं. आणि ज्या गोष्टींत पूर्वीं त्याला रस होता त्यांविषयीं एक प्रकारची उदासीनता येते. हें सर्व कांहीं आठवड्यांनीं किंवा महिन्यांनीं, बहुधा पहिल्या वर्षाच्या आंत, हळूहळू घडतें. एका दिवसांत घडतें तर सारें घर धांवलें असतें. हळूहळू घडतें म्हणून घराला तें संवयीचें होतें.

कोणाला हा धोका अधिक? शास्त्रज्ञांनीं जे घटक मोजले आहेत ते साधारणतः असे: मार किती जबर होता आणि बेशुद्धि किती काळ टिकली, रोग्याचें वय किती, मेंदूच्या आवरणाखालीं अथवा पोकळ्यांत रक्तस्राव झाला कीं काय, पुढें मेंदूच्या आवरणाला जंतुसंसर्ग झाला काय, आणि सूज उतरावी म्हणून कवटीचा तुकडा काढून ठेवण्याची शस्त्रक्रिया करावी लागली काय. या शेवटच्या घटकाकडे मी पुढें वळणार आहें.

येथें तर्कशास्त्राच्या अभ्यासकाला एक अडचण जाणवेल. आपल्या नैयायिकांनीं अनुमानाचा पाया व्याप्तीवर घातला. जेथें धूर तेथें अग्नि, असें अव्यभिचारी साहचर्य सिद्ध झालें तरच पर्वतावरच्या धुरावरून अग्नीचें ज्ञान होतें. एके ठिकाणीं जरी व्यभिचार आढळला तरी अनुमान कोसळलें. या कसोटीला वरच्या घटकांपैकीं एकहि उतरत नाहीं. रक्तस्राव होऊनहि जलशीर्ष न झालेले रोगी पुष्कळ आहेत. निरनिराळ्या अभ्यासांतील आंकडे पाहिले तर हा विकार शेंकडा एकाहून कमी रोग्यांना होतो येथपासून तो शेंकडा तिसांहून अधिकांना होतो येथपर्यंत अंतर दिसतें. कारण कशाला जलशीर्ष म्हणावें आणि कोणत्या रोग्यांना मोजावें, याविषयींच अभ्यासकांचें एकमत नाहीं. मग जें ज्ञान व्याप्तीच्या कसोटीस उतरत नाहीं आणि ज्याचा आंकडाहि स्थिर नाहीं, त्यावर कर्तव्याची इमारत कशी उभारावी?

याचें उत्तर असें कीं, माणसाचीं बहुतेक कर्तव्यें अशाच पायावर उभीं आहेत. मृगाचा पाऊस वेळेवर पडेल अशी व्याप्ति कोणत्या शेतकऱ्याजवळ असते? तरी तो जमीन तयार करून ठेवतो. इंग्लंडांत जोसेफ बटलर या धर्मचिंतकानें १७३६ सालच्या आपल्या ग्रंथांत हाच मुद्दा मांडला होता. मर्यादित बुद्धीच्या प्राण्याला व्यवहारांत संभवाच्या आधारानेंच चालावें लागतें; आणि जेथें पणाला लागलेली वस्तु मोठी असते, तेथें थोडा संभवहि आचरणाला बांधून घेतो, असा त्याचा आशय आहे. म्हणजे कर्तव्याचें वजन केवळ संभवाच्या आंकड्यावर ठरत नाहीं. काय गमावलें जाणार आहे, तें परत मिळण्यासारखें आहे काय, आणि सावध राहण्याला किती किंमत पडते, या तीन गोष्टींचा हिशेब त्यांत धरावा लागतो.

आपल्या परंपरेंतहि या विचाराला आधार सांपडतो. गीतेच्या अठराव्या अध्यायांत कर्माच्या सिद्धीचीं पांच कारणें सांगितलीं आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, नाना प्रकारच्या चेष्टा, आणि पांचवें दैव. या क्रमाचा अर्थ टीकाकारांनीं कसाहि लावला असो, सामान्य वाचकाला त्यांतून एक व्यावहारिक बोध घेतां येईल. दैवाचें नांव घेण्याचा अधिकार पहिलीं चार कारणें पाहून झाल्यावर येतो. आपल्या घरांत मात्र हा क्रम पुष्कळदां उलटा होतो. दैवाचें नांव प्रथम घेतलें जातें, आणि मग उरलेल्या चारांची आठवण ठेवण्याचें कोणालाच कारण राहत नाहीं.

हा क्रम न उलटण्यानें काय घडूं शकतें, याचें एक उदाहरण वैद्यकाच्या इतिहासांत नमूद आहे. १९५७ सालीं दक्षिण अमेरिकेंतील कोलंबिया देशाच्या बोगोटा या राजधानींत सोळा वर्षांचा एक मुलगा मोटारीच्या अपघातांत सांपडला. डोक्यांत सांचलेलें रक्त शस्त्रक्रियेनें काढलें. परंतु मुलगा अर्धवट बेशुद्धींतच राहिला. सालोमोन हाकिम हे त्याचे डॉक्टर. त्यांना मेंदूच्या पोकळ्या फुगलेल्या आढळल्या. पण पाण्याचा दाब मोजला तों नेहमींइतकाच. त्या काळच्या समजुतीप्रमाणें दाब वाढलेला नसेल तर पाणी हें दुखण्याचें कारण मानण्याचें प्रयोजन नव्हतें. तपासणीकरितां म्हणून पंधरा मिलिलिटर पाणी काढण्यांत आलें, आणि दुसऱ्या दिवशीं तो मुलगा कांहीं शब्द बोलला. पुढें पाण्याला नळीनें कायमची वाट करून देण्यांत आली आणि त्याची प्रकृति सुधारत गेली. हाकिम यांनीं असे आणखी रोगी पाहिले, १९६४ सालीं त्यांवर प्रबंध लिहिला, आणि १९६५ सालीं रेमंड ॲडम्स वगैरे अमेरिकेंतील डॉक्टरांसह हा विषय जगापुढें मांडला. नेहमींच्या दाबाचें जलशीर्ष या नांवानें तो आज ओळखला जातो. फुगलेल्या पोकळीचें क्षेत्रफळ वाढतें, त्यामुळें दाब तोच असला तरी भिंतींवर पडणारें एकूण बल वाढतें, अशी त्यांची मीमांसा होती.

या हकीकतींतील चमत्काराचा भाग मी गौण मानतों. सर्वच रोगी असे सुधारत नाहींत. मला महत्त्वाचें वाटतें तें हें कीं, दाब नेहमींचाच आहे एवढें वाचून हाकिम स्वस्थ बसले असते तर त्यांना कोणींहि दोष दिला नसता. निर्दोष राहणें आणि कर्तव्य करणें यांत अंतर आहे. दोष टाळण्याला नियम पुरे होतात. कर्तव्याला आणखी कांहीं लागतें: जें घडलें तें आपल्या समजुतींत बसत नाहीं हें दिसलें, तर समजुतीला पुन्हां हात घालण्याची तयारी.

आतां घराकडे वळूं. डोक्याच्या दुखापतींतून उठलेला तरुण मुलगा दिवसभर खाटेवर बसून राहतो, हांक मारली तरी उठत नाहीं, काम सांगितलें तर 'हो' म्हणतो आणि करीत नाहीं. पहिले दोन महिने त्याला सहानुभूति मिळते. तिसऱ्या महिन्यांत शेजारी म्हणूं लागतात कीं आतां त्याला लाडावून ठेवूं नका. चौथ्या महिन्यांत त्याची आईहि म्हणते कीं पूर्वींचा स्वभावच गेला, आळशी झाला. म्हातारा माणूस असेल तर म्हणतात, वय झालें. या उद्गारांत दुष्टपणा नसतो, थकवा असतो. परंतु नीतीच्या दृष्टीनें पाहतां येथें एक गंभीर गोष्ट घडत असते. आपण एका लक्षणाचें रूपांतर स्वभावांत करीत असतों. आळस हा दोष आहे, कारण आळशी माणसाला निराळें वागतां आलें असतें असें आपण गृहीत धरतों. ज्याच्या मेंदूवर पाणी दाबून बसलें आहे त्याला निराळें वागतां येत नाहीं. आणि ज्याला येत नाहीं त्याला दोष देणें हा अन्याय आहे, मग तो कितीहि प्रेमानें केलेला असो. त्यांतून भर अशी कीं, ज्याच्यावर हा अन्याय होतो तो स्वतःची बाजू मांडूं शकत नाहीं. किंबहुना बाजू मांडण्याची इच्छाच त्या विकारानें हिरावून घेतलेली असते.

प्रत्येक उदास रोग्याच्या डोक्यांत पाणीच झालें आहे असें माझें म्हणणें नाहीं. दुखापतीनें मेंदूचा कांहीं भाग कायमचा नष्ट झाला कीं तो आक्रसतो, पोकळ्या आपोआप मोठ्या दिसतात, आणि तेथें नळी घालून उपयोग होत नाहीं. सीटी स्कॅनच्या चित्रांत या दोन अवस्था कधीं कधीं इतक्या सारख्या दिसतात कीं तज्ज्ञालाहि पेंच पडतो. मग कमरेंतून तीस ते पन्नास मिलिलिटर पाणी काढून रोग्याची चाल सुधारते काय, हें पाहतात. तीहि कसोटी अचूक नाहीं. नळी, म्हणजे शंट, हेंहि निर्भेळ वरदान नव्हे. ती बुजते, तिला जंतु लागतात, पुन्हां शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणून येथें दोन कर्तव्यांत भेद करणें मला अवश्य वाटतें: एक पाहण्याचें कर्तव्य, दुसरें करण्याचें कर्तव्य. पाहण्याला थोडा संभव पुरतो, कारण पाहण्यानें नुकसान फारसें होत नाहीं आणि न पाहण्यानें होणारें नुकसान कदाचित् भरून येत नाहीं. करण्याला अधिक पुरावा लागतो, कारण करण्यांत इजा आहे. या दोहोंची गल्लत झाली म्हणजे एक घर भयानें प्रत्येक उपाय करीत सुटतें, आणि दुसरें घर उपायाच्या भयानें पाहण्याचेंहि सोडून देतें.

आतां कवटीचा तुकडा काढून ठेवण्याच्या त्या शस्त्रक्रियेविषयीं. मेंदूची सूज कोणत्याहि औषधाला दाद देईनाशी झाली म्हणजे त्याला जागा करून देण्यासाठीं ही शस्त्रक्रिया करतात. अशा ४०८ रोग्यांवरील एका मोठ्या तौलनिक प्रयोगाचे निष्कर्ष २०१६ सालीं प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांअखेर, शस्त्रक्रिया झालेल्यांपैकीं शेंकडा २६.९ मरण पावले होते, तर केवळ औषधोपचार झालेल्यांपैकीं शेंकडा ४८.९. परंतु ज्यांना जीव आहे पण जाणीव नाहीं अशा अवस्थेंत राहिलेल्यांचें प्रमाण शस्त्रक्रियेच्या बाजूस शेंकडा ८.५ आणि दुसऱ्या बाजूस २.१ होतें. शिवाय हीच शस्त्रक्रिया पुढें जलशीर्ष होण्याच्या जोखमीचा एक घटक आहे; काढलेल्या हाडाची कड डोक्याच्या मध्यरेषेच्या फार जवळ गेली असेल तर ती जोखीम वाढते, असें कांहीं अभ्यासांत आढळलें आहे.

येथें दोषाची भाषा अगदींच लंगडी पडते. अपघाताच्या रात्रीं ज्या बापानें संमतीच्या कागदावर सही केली, तो सहा महिन्यांनीं स्वतःला विचारतो, 'मी सही केली म्हणून हें झालें का?' कारणांच्या साखळींत त्याची सही आहे, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. त्याला खोटी समजूत घालणें हाहि एक अनादरच आहे. परंतु कारण असणें आणि अपराधी असणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत. त्या रात्रीं त्याच्यापुढें निर्धोक मार्ग नव्हताच. दोन धोक्यांपैकीं एक पत्करावयाचा होता, आणि त्यानें मुलाचा जीव वांचण्याचा संभव अधिक होता तो पत्करला. ज्यानें जाणूनबुजून लहान धोका पत्करला त्याच्यावर त्या धोक्याचें पाप येत नाहीं. त्याच्यावर एक ऋण मात्र येतें. पत्करलेल्या धोक्यावर पुढें नजर ठेवण्याचें तें ऋण होय. हें ऋण बापाचें आहे त्याहून अधिक डॉक्टरांचें आहे. रोग्याला घरीं पाठवितांना 'याला असें होण्याचा संभव आहे. चाल मंदावली, बोलणें कमी झालें, लघवीचें भान सुटलें तर वाट न पाहतां परत आणा,' एवढीं वाक्यें सांगितलीं नाहींत, तर सर्व अभ्यासकांनीं गोळा केलेलें ज्ञान त्या घराच्या उंबरठ्याबाहेरच राहतें.

ऋण फेडण्याची वृत्ति कोठवर जाऊं शकते, याचें आणखी एक उदाहरण सांगतों. रोआल्ड डाल हे मुलांसाठीं लिहिणारे प्रसिद्ध इंग्रज लेखक. १९६० सालच्या डिसेंबरांत न्यूयॉर्क शहरांत त्यांच्या चार महिन्यांच्या मुलाच्या गाडीला टॅक्सीची धडक बसली, आणि डोक्याच्या त्या दुखापतींतून त्याला जलशीर्ष झालें. नळी घातली, पण तिची झडप वारंवार बुजे. डाल यांनीं स्टॅन्ले वेड या यंत्रज्ञाला आणि केनेथ टिल या शस्त्रवैद्याला एकत्र आणलें, आणि १९६२ सालीं तिघांनीं सहजासहजीं न बुजणारी नवी झडप तयार केली. ती तयार झाली तोंवर त्यांच्या स्वतःच्या मुलाला तिची गरज उरली नव्हती. तरी तिघांनींहि तिच्यावर नफा न घेण्याचें ठरविलें, आणि सुमारें तीन हजार मुलांना ती उपयोगीं पडली. आपल्या देशांतहि उत्तर प्रदेशांतील शहाजहानपूर येथें बनणारा छाबडा शंट परदेशी शंटांच्या मानानें फार स्वस्त आहे. युगांडांत १९५ मुलांवर केलेल्या आणि २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या तुलनेंत त्याच्या आणि एका महागड्या परदेशी शंटाच्या वर्षाअखेरच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाहीं. दैव आणि दोष या दोन शब्दांवर थांबणाऱ्या मनाला असलीं कामें सुचत नाहींत. त्यांना 'पुढें काय करतां येईल' हा तिसरा प्रश्न विचारणारें मन लागतें.

सारांश, शंभरांविषयींचें गणित त्या एका रोग्याचें भविष्य सांगत नाहीं, ही गोष्ट खरी आहे. संभव हा रोग्याच्या अंगीं असलेला गुण नसून आपल्या ज्ञानाच्या अपुरेपणाचें माप आहे. परंतु म्हणूनच तो आपल्याला उद्देशून आहे. जेथें निश्चय आहे तेथें पहारा ठेवण्याची गरज नसते. अनिश्चितता असते तेथेंच ती असते. जोखमीच्या घटकांची यादी ही दैवाची कुंडली म्हणून वाचूं नये आणि आरोपपत्र म्हणूनहि वाचूं नये. ती पहाऱ्याची यादी आहे. कोणत्या खाटेजवळ अधिक वेळ बसावें, कोणाचें चालणें दर आठवड्याला नीट पाहावें, कोणाच्या गप्प बसण्याचा अर्थ लावण्याची घाई करूं नये, एवढेंच ती सांगते. तें ऐकून घेऊन आणि चार कारणें पाहून झाल्यावरहि मुलगा सुधारला नाहीं, तर दैवाचें नांव घेण्यास हरकत नाहीं. त्या वेळीं तें नांव सबब म्हणून घेतलेलें नसेल. आणि त्यानंतरहि एक कर्तव्य उरतेंच. जो आतां पूर्वींसारखा होणार नाहीं, त्याला पूर्वींसारखा नसल्याबद्दल दोष न देतां जवळ ठेवणें.